वापरलेली गाडी घेऊन दोन आठवडे झाले: खटकणाऱ्या गोष्टींपैकी कोणत्या गंभीर मानाव्यात?

वाटसरू

नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी मी सहा वर्षे जुनी आणि ६२,००० किलोमीटर चाललेली एक पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. पाच गिअर, साधा क्लच आणि माझ्याआधी एकच मालक. यापूर्वीची गाडी मी सलग अकरा वर्षे चालवली होती. तिचा आवाज कानात इतका मुरला होता की तिच्यात काही बिघडू लागले तर ते मला चालवताना आपोआप कळत असे. या गाडीच्या बाबतीत मात्र प्रत्येक आवाज परका वाटतो, आणि परका वाटतो म्हणूनच त्यामागे बिघाड असावा अशी शंका मनात येते. ती शंका खरी की माझ्या जुन्या सवयीची, हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा प्रश्न.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. टेंपरेचरचा काटा दहा-बारा मिनिटांत मधोमध येतो आणि तिथून हलत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते आणि पेडलला थरथर जाणवत नाही. चावी फिरवली की एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विझतात, म्हणजे बिघाड लपवण्यासाठी ते दिवे कोणी बंद करून ठेवलेले नाहीत, एवढी खात्री मी करून घेतली आहे. चासी नंबरचे सतरा आकडे आणि अक्षरे कागदपत्रांशी जुळतात. स्टिअरिंगचे आवरण, पेडलचे रबर आणि चालकाच्या सीटची कड यांची झीज ६२,००० किलोमीटरना शोभेल इतकीच आहे. गाडीत बसल्यावर समोरचा रस्ता जुन्या गाडीपेक्षा बराच मोकळा दिसतो आणि दीड-दोन तास चालवूनही माझी कंबर अवघडत नाही. हे मला मनापासून आवडले आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर गाडीच्या पुढच्या भागातून एक घुमणारा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागते आणि हात सैल सोडला तर गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेकडे सरकते. क्लच फार वर लागतो, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलते. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केले की दोन-तीन सेकंद टिकटिक असा धातूचा आवाज येतो आणि थांबतो. गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढून एक हलका ‘ठक’ ऐकू येतो. आणि खिडक्या बंद ठेवून एसी लावला की आत ओलसर, कोंदट वास येतो.

गाडी घेण्यापूर्वी माझ्या विश्वासातल्या मेकॅनिकने ती खालून-वरून पाहिली होती आणि त्याने यातल्या कशालाही गंभीर म्हटले नव्हते. पण तो गाडीत जेमतेम पंधरा मिनिटे बसला होता, मी दोन आठवडे बसलो आहे. माझे प्रश्न दोन आहेत. यातले काय केवळ अनोळखीपणामुळे जाणवते आहे आणि काय खरोखर तपासून घ्यायला हवे? आणि एका मित्राने सुचवल्याप्रमाणे सगळी ऑइले, सगळे फिल्टर, प्लग आणि बेल्ट एकदमच बदलून घेऊन नव्याने सुरुवात करणे योग्य ठरेल का?

वंगण

वाटसरू, तुमचे निरीक्षण चांगले आहे, आणि नेमके म्हणूनच एक सुचवतो: या सहा तक्रारी एका रांगेत उभ्या करू नका. क्लच किती वर लागतो हे तुमच्या पायाच्या अकरा वर्षांच्या सवयीशी ताडून तुम्ही ठरवत आहात, तर घुमणारा आवाज हा कोणाच्याही कानाला ऐकू येईल असा आहे. पहिल्या प्रकारच्या तक्रारीला एखादा महिना द्यावा आणि दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीची आजच तपासणी करावी.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो घुमणारा आवाज, कारण तो टायरचा असेल तर केवळ त्रासदायक आहे, पण चाकाच्या बेअरिंगचा असेल तर दुर्लक्ष करून चालणार नाही. या दोघांचा आवाज इतका सारखा असतो की अनुभवी माणसेही फसतात. तरीही कोणतेही यंत्र न वापरता बरेच काही ठरवता येते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आवाज स्पष्ट येईल इतक्या वेगात असताना गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन मात्र बंद करू नका, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत त्याबरोबर जाते. इंजिनचे फेरे खाली आले आणि आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनचा नाही, चाकांकडचा आहे. त्यानंतर रस्त्याचा पृष्ठभाग बदलतो तिथे लक्ष द्या. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत एकदम बदलत असेल, तर संशय टायरवर जातो. बेअरिंगला रस्ता कसा आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते.

तिसरी चाचणी वळणाची. एखाद्या लांब, सौम्य वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जाते. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल आणि उजवीकडे वळताना कमी होत असेल, तर उजव्या बाजूचे बेअरिंग खराब असण्याची शक्यता अधिक. उलट घडत असेल तर डाव्या बाजूचे. दोन्हीकडे वळताना काहीच फरक पडत नसेल, तर टायर पाहावेत. गाडी उभी करून, तळहात टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत असा फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीसारख्या बोचतात, असे जाणवले तर टायर तिरके झिजले आहेत आणि आवाजाचे कारण बहुधा तेच आहे. ही चाचणी मी दरवेळी डोळ्यांऐवजी हातानेच करतो, कारण अशी झीज वरवर पाहून दिसतेच असे नाही.

शेवटचा निवाडा टायरांची जागा बदलून होतो. चारही टायर एकाच मापाचे असतील तर त्याच बाजूचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घ्या. आवाज टायरांबरोबर मागे गेला तर प्रश्न सुटला. तो जिथल्या तिथे राहिला तर बेअरिंग तपासून घ्या आणि त्यात दिरंगाई करू नका.

एका बाजूला सरकण्याबद्दल: रस्त्याची मधली बाजू उंच आणि कडा उतरत्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पाणी वाहून जाते. त्यामुळे कडेकडे थोडे सरकणे हे निरोगी गाडीतही होते. सपाट, मोठ्या पटांगणात चालवून पाहा. तिथेही गाडी खेचत असेल तर पहिल्यांदा हवा तपासा. गाडी थंड असताना तपासा, आणि आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून घ्या. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीसाठीचा योग्य दाब सांगत नाही. ही चूक फार लोक करतात आणि मग गाडी कडक लागते म्हणून सस्पेन्शनला दोष देतात. हवा बरोबर असूनही खेच राहिली, तर थोडे चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नसावा.

स्टिअरिंग तिरके असणे आणि गाडी खेचणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिअरिंग तिरके असूनही गाडी सरळ जात असेल, तर आधी कोणीतरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करताना ते मधोमध पक्के केलेले नाही, किंवा नंतर कधीतरी चाक खड्ड्यात आदळले आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

सावकाश

‘सगळे एकदम बदला’ या सल्ल्याबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण मी नेमके तेच केले होते आणि त्याचा पश्चात्ताप झाला.

माझी पहिली वापरलेली गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग आणि सगळे फिल्टर एका दिवसात बदलून घेतले. गाडी नेली तेव्हा ती सुरळीत चालत होती. परत आणली तेव्हा चढावर हिसके देत होती, आणि चार दिवसांनी कूलंटची पातळी खाली गेलेली दिसली. आता हिसके नव्या प्लगमुळे, हवेच्या फिल्टरमुळे, की पूर्वीपासूनच असलेल्या आणि मला तोवर न कळलेल्या एखाद्या दोषामुळे? कूलंट गळत होते, की भरताना आत अडकलेली हवा बाहेर पडून पातळी उतरली होती? एका दिवसात इतक्या गोष्टी हलवल्या होत्या की कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते. तीन आठवड्यांनी सापडले ते एवढेच, की एका इग्निशन कॉइलचा जोड पूर्ण बसवलेला नव्हता आणि एका नळीची पट्टी सैल राहिली होती. म्हणजे गाडी मुळात निरोगी होती. तिला आजारी मी केले होते.

याचा अर्थ काहीच करू नका असा नाही. ज्याची नोंद नाही आणि ज्याच्या चुकीची किंमत मोठी आहे, ते आधी करा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर लगेच बदलावा, म्हणजे पुढच्या मोजणीला एक खात्रीची तारीख मिळते. ब्रेक ऑइल कधी बदलले याची नोंद नसेल तर तेही बदलावे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी मुरत गेले की त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे ती प्रत ठरवणारे मानकच सांगते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि आतले पाणी उकळून वाफ झाली, की पेडल दाबूनही पुरेसा ब्रेक लागत नाही. रोजच्या सपाट रस्त्यावर हे कधीच कळत नाही, आणि म्हणूनच ‘ब्रेक छान लागतात’ या पहिल्या मतावर या बाबतीत विसंबून राहू नये.

बाकीचे एकेक करून, मध्ये किमान एक-दोन आठवडे गाडी चालवून करावे. कूलंट स्वच्छ असेल आणि पातळी स्थिर असेल तर त्याला घाई नाही. आणि पातळी वाढवायचीच असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचेच घालावे, केवळ रंग जुळतो म्हणून कोणतेही मिसळू नये. इंजिन तापलेले असताना टाकीचे झाकण उघडू नये, हे तुम्हाला ठाऊकच असेल, तरीही लिहितो, कारण आतला दाब एकदम सुटला की भाजण्याचे अपघात होतात.

तिसरी गाडी

मी आजवर घेतलेल्या तिन्ही गाड्या वापरलेल्याच होत्या, आणि तुमच्या यादीतली मला सर्वाधिक काळजीची वाटणारी गोष्ट वरच्या दोघांनी अजून घेतलेली नाही. ती म्हणजे ओलसर वास.

वासाची कारणे किरकोळही असतात आणि फार गंभीरही. आतल्या हवेचा फिल्टर बदलून अनेकदा निम्मे काम होते, कारण मागच्या मालकाने तो कधीच उघडलेला नसतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट पाहा. दमट हवेच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे एसी चालवल्यावर गाडीखाली पाणी ठिबकते का? ठिबकणे हे गळतीचे लक्षण नाही, उलट तेच योग्य आहे. ठिबकत नसेल तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते आणि ते पाणी आत, पायाखाली उतरत असते. गालिच्याला वरून हात लावून समाधान मानू नका, कारण वरचा थर कोरडा असतो आणि त्याखालचा जाड फोम पाणी धरून ठेवतो. कडेची प्लास्टिकची पट्टी काढून फोमपर्यंत हात घाला. समोरच्या काचेच्या तळाशी पानगळ साचून पाणी जाण्याची भोके बुजतात, तीही साफ करून घ्या. त्या फोमखालूनच तारांचे गुच्छ आणि जोड गेलेले असतात. तिथे गंज धरला की असे चमत्कारिक विद्युत दोष निर्माण होतात की त्यांचे मूळ कोणाला सहजी सापडत नाही.

वास किंचित गोडसर असेल आणि काचा आतून तेलकट धूसर होत असतील, तर मात्र हीटरकडचे कूलंट गळते आहे का ते पाहावे लागेल.

आणि एक शक्यता मनाला पटली नाही तरी तपासून बाजूला ठेवा: गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का? स्टेपनी काढून तिच्या खाचेत वाळलेला गाळ आहे का पाहा. सीटचे रूळ जमिनीला ज्या बोल्टनी आवळलेले असतात त्यांवर गंज आहे का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. जो भाग एरवी गुंडाळलेलाच राहतो तिथे मातीचा डाग किंवा पाण्याची रेघ दिसली तर ती बोलकी असते. गाडी बाहेरून धुऊन चकचकीत करता येते, पण सीटबेल्टच्या त्या शेवटच्या हातभर पट्टीपर्यंत सहसा कोणी पोचत नाही. पट्ट्याच्या तळाशी बहुतेक वेळा निर्मितीची तारीख शिवलेली असते. चारपैकी एकच पट्टा गाडीपेक्षा बराच नवा निघाला, तर तो का बदलावा लागला हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

क्लचबद्दल मी वंगण यांच्याशी सहमत आहे, पण वाट पाहताना एक चाचणी करून ठेवा, म्हणजे मन स्वस्थ राहील. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, इंजिन फार दमणार नाही इतक्या कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग एकत्र, सावकाश वाढले तर क्लच पकड धरून आहे. फेरे झपकन वर गेले आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरते आहे. क्लच केबलचा असेल तर वर लागण्याचे कारण नुसते समायोजनही असू शकते. तोवर आपली सीट, स्टिअरिंगची उंची आणि तिन्ही आरसे नीट बसवून घ्या. माझ्या दुसऱ्या गाडीचा क्लच मला महिनाभर जड वाटत होता, आणि सीट दोन खाचा पुढे घेतल्यावर ती तक्रार उरली नाही.

एक शेवटची विनंती, जी यंत्राबद्दलची नाही. गाडीच्या स्क्रीनमध्ये मागच्या मालकाचे जोडलेले फोन, संपर्क आणि नकाशात साठवलेले पत्ते राहिलेले असतात. ते पुसून टाका. ती त्यांची खासगी माहिती आहे आणि ती आपल्याजवळ असू नये.

वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तीन आठवडे एका वहीत रोजच्या नोंदी ठेवून, एका वेळी एकच गोष्ट हलवून, जे हाती आले ते लिहितो.

न्यूट्रलमध्ये घेतल्यावर घुमणारा आवाज तसाच राहिला आणि वळणावर तो बदलला नाही. तळहात फिरवल्यावर पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा स्पष्टपणे बोचल्या. इतके दिवस गाडीसमोर उभा राहून मी त्याच टायरांकडे पाहत होतो आणि मला काहीच दिसले नव्हते. पुढचे टायर मागे घेतले तशी घूंघूं मागच्या सीटखाली गेली. त्याच वेळी टायरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ज्या बाजूला ते दिसत नाहीत तिथे पूर्ण क्रमांक टायरच्या आतल्या भिंतीवर असतो, हेही यानिमित्ताने कळले. पुढचे दोन टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे निघाले आणि मागचे दोन गाडीबरोबर आलेले मूळचे.

त्यानंतर अलाइनमेंट करून घेतली. पुढची दोन्ही चाके समोरच्या बाजूला किंचित बाहेर उघडलेली होती, म्हणजे आतल्या कडांची झीज, आवाज आणि तिरके स्टिअरिंग या तिन्ही तक्रारी मुळात एकच निघाल्या. आता स्टिअरिंग सरळ आहे. सपाट जागेत गाडी खेचत नाही, आणि रस्त्यावर जेवढी कडेकडे सरकते तेवढी माझी जुनी गाडीही सरकत असणार. मी ते कधी मोजले नव्हते. आवाज अजून आहे, कारण झिजलेले टायर तेच आहेत. नक्षीच्या खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, ते अजून पोचलेले नाहीत, पण मूळच्या मागच्या जोडीचे वय पाहता चारही एकदमच बदलण्याचा विचार करतो आहे.

वासाच्या बाबतीत तुमचा संशय खरा निघाला. चालकाशेजारच्या सीटपुढचा गालिचा वरून कोरडा होता आणि खालचा फोम पिळता येईल इतका ओला होता. एसीची नळी मातीने बुजली होती; ती मोकळी होताच गाडीखाली पाणी ठिबकू लागले. गालिचा उचलून दोन दिवस वाळवला, तारांचे जोड उघडून पाहिले, सुदैवाने कुठेही हिरवट गंज नव्हता. स्टेपनीची खाच, सीटचे बोल्ट आणि चारही पट्टे स्वच्छ आहेत आणि पट्ट्यांच्या तारखा गाडीच्या वयाशी जुळतात. मागच्या मालकाचे दोन फोन आणि पाच पत्ते पुसले.

ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर सकाळची टिकटिक जेमतेम सेकंदभर उरली आहे. ती तेवढी राहू द्यावी का? क्लच घसरत नाही. ब्रेक ऑइल बदलले. बाकी काहीही हलवलेले नाही.

वंगण

रात्रभर उभ्या गाडीत वरच्या भागातले ऑइल खाली उतरते आणि दाब तयार होईपर्यंत व्हॉल्व्हकडचे भाग क्षणभर वाजतात. फिल्टरमधली ऑइल धरून ठेवणारी झडप खराब झाली असेल तर हा काळ लांबतो, आणि फिल्टर बदलल्यावर तुमचा आवाज कमी झाला त्याचे कारण बहुधा हेच. सेकंदभराचा आवाज राहू द्या. पातळी मात्र डिपस्टिकवर दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर पाहत राहा. आवाज पुन्हा लांबू लागला किंवा ऑइलचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावरही विझेना, तर त्या क्षणी इंजिन बंद करायचे.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा, आहे की त्याऐवजी चेन, हे तुम्ही लिहिलेले नाही. बेल्ट असेल तर तो किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर बदलायचा असतो, कारण रबर नुसत्या वयानेही थकते. पुष्कळ इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन खोलावे लागते. त्याची पूर्वसूचना आवाजातून मिळेलच असे नाही. तुमच्या सहा तक्रारींत हा बेल्ट कुठेच नाही, आणि हीच मला चिंता आहे. सर्व्हिसची पुस्तिका काढून पाहा.

वाटसरू

पाहिली. बेल्टच आहे. मॅन्युअलमध्ये तो ६०,००० किलोमीटरवर बदलावा असे दिले आहे, आणि पुस्तिकेत ५१,००० किलोमीटरपर्यंतच्या प्रत्येक सर्व्हिसची नोंद शिक्क्यासह असली तरी बेल्टचा उल्लेख कुठेच नाही. आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी अतिशय मोकळेपणाने सांगितले की तो बदललेला नाही आणि त्यांना कोणी तसे सुचवलेही नव्हते. मी गेले पाच आठवडे हा बेल्ट सोडून बाकी सगळे ऐकत होतो, हे लक्षात आल्यावर त्या दिवशी गाडी बाहेर काढली नाही.

काल बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप असे तिन्ही एकत्र बदलून घेतले, कारण पंपापर्यंत पोचायला तेच सगळे पुन्हा खोलावे लागले असते. जुना बेल्ट मागून घेतला. वाकवून पाहिल्यावर दातांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात.

आता यादीत गतिरोधकावरचा तो ‘ठक’ तेवढा उरला आहे. गाडी जॅकवर चढलेलीच होती म्हणून मेकॅनिकने सस्पेन्शनमधले पुढचे लिंक रॉड, म्हणजे जोडदांडे, हलवून दाखवले. डाव्या बाजूच्या सांध्यात बोटाला जाणवेल इतकी ढिलाई आहे. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश आणि बॉल जॉइंट घट्ट आहेत. लिंक रॉडची जोडी पुढच्या आठवड्यात बदलणार आहे, आणि त्यानंतर टायर. क्लच अजूनही तिथेच, वरच लागतो. माझा पाय मात्र तिथे आपसूक थांबायला लागला आहे.